जुन्या छायाचित्रातील युद्धनौकेच्या तोफा कशा ओळखाव्यात

दुसऱ्या महायुद्धातील युद्धनौकेचे छायाचित्र हाती आले की बहुतेक जण आधी तिचे नाव शोधतात आणि त्या नावापुढे कुठेतरी दिलेली तोफांची यादी त्या छायाचित्राला लावून मोकळे होतात. ही रीत दिशाभूल करणारी आहे, कारण विमानांचा धोका वाढत गेला तशी एकेका नौकेवरील शस्त्रसामग्री युद्धकाळातच बदलत गेली. म्हणून आधी तोफा पाहाव्यात, त्यांवरून काळ ठरवावा आणि यादी सर्वांत शेवटी ताडून पाहावी. उदाहरण म्हणून न्यूझीलंडच्या ताफ्यातील 'अकिलीस' ही क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका, घेऊ. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ रिव्हर प्लेटच्या लढाईत 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी झुंजलेली ही नौका १९४८ मध्ये 'दिल्ली' या नावाने भारतीय नौदलात आली, डिसेंबर १९६१ मधील दीवच्या कारवाईत तिने भाग घेतला आणि १९७८ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली.

सुरुवात मुख्य तोफांपासून करावी. त्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांत, बसवलेल्या असतात. ब्रिटिश पद्धतीत पुढच्या भागातील टरेटना 'ए' आणि 'बी', तर मागच्या भागातील टरेटना 'एक्स' आणि 'वाय' म्हणतात. १९३९ च्या छायाचित्रात 'अकिलीस'वर चारही टरेट दिसतात आणि प्रत्येकात ६ इंची (हे माप नळीच्या आतील व्यासाचे) तोफांची जोडी, म्हणजे एकूण आठ तोफा. 'दिल्ली'च्या छायाचित्रात मात्र तीनच टरेट आणि सहा तोफा मोजता येतात, कारण 'एक्स' टरेटची जागा रिकामी झालेली आहे. ५ जानेवारी १९४३ रोजी प्रशांत महासागरातील ग्वादलकनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब नेमका याच टरेटवर पडला आणि तेरा नौसैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्तीच्या वेळी टरेट परत न बसवता नौकेवर चार नळ्यांच्या पॉम-पॉम या विमानविरोधी तोफांची भर घालण्यात आली. समुद्रावरील शत्रूसाठी असलेली जड तोफ जाऊन आकाशाकडे रोखलेल्या हलक्या तोफा वाढल्या, हा त्या युद्धातील सगळ्याच नौदलांचा अनुभव होता, आणि तो या एका नौकेच्या दोन छायाचित्रांत स्पष्ट वाचता येतो.

यानंतर मधल्या आकाराच्या तोफा. तोफ विमानविरोधी आहे की नाही हे नळीच्या जाडीवरून ठरवू नये. नळी किती उंच उचलता येईल आणि गोळा किती वेगाने भरता येईल, हे पाहावे. ६ इंची तोफेचा गोळाच सुमारे ५१ किलोचा असतो आणि त्यामागे दारूचा भाग वेगळा भरावा लागतो. सूर मारून येणाऱ्या विमानासाठी एवढा वेळ कुणापाशी नसतो. ब्रिटिश नौकांवरील ४ इंची जोडतोफ ८० अंशांपर्यंत वर करता येत असे आणि तिचे काडतूस व गोळा एकसंध असल्याने ती झपाट्याने भरली जाई. छायाचित्रात ती मधल्या भागात, मागून उघड्या असलेल्या ढालीआड उभी दिसते. अमेरिकी नौकांवर हेच काम ३८ कॅलिबरची ५ इंची तोफ करीत असे. येथील ३८ हा आकडा लांबीचा आहे : ५ इंचांच्या ३८ पट, म्हणजे १९० इंच. हा हिशेब पाठ असला तर बाजूने घेतलेल्या छायाचित्रात नळीची लांबी अंदाजता येते. फक्त नळीचा मागचा भाग टरेटच्या आत दडलेला असतो आणि नळी कॅमेऱ्याकडे वळलेली असेल तर ती आखूड भासते, याचे भान ठेवावे.

सर्वाधिक घोटाळा लहान तोफांत होतो, म्हणून येथे भिंग घेऊनच बसावे. पॉम-पॉम आणि बोफोर्स या दोन्ही ४० मिलिमीटरच्या. पण पॉम-पॉमची नळी दीड मीटरच्या आसपास, तर बोफोर्सची सव्वादोन मीटर. पॉम-पॉमच्या चार किंवा आठ आखूड नळ्या एका गठ्ठ्यात दिसतात आणि तिचा दारूगोळा पट्ट्यातून येतो. बोफोर्सची नळी सडपातळ, तोंडाशी शंकूसारखी पसरलेली; तिच्यात चार-चार गोळ्यांची क्लिप वरून हाताने घालावी लागते, त्यामुळे तोफेमागे क्लिप धरून उभे असलेले नौसैनिक ही चांगली खूण ठरते. ओर्लिकॉन २० मिलिमीटरची : वर गोल ड्रम, आणि खांद्याच्या आधारात स्वतःला बांधून घेतलेला एकच तोफची. जपानी २५ मिलिमीटरच्या तोफेवर पंधरा गोळ्यांची पेटी उभी दिसते. ती पुन्हापुन्हा बदलावी लागे आणि तेवढ्या वेळ मारा थांबे, हा तिचा मोठा दोष होता.

आता नजर ब्रिजच्या, म्हणजे नौका जिथून चालवतात त्या उंच कक्षाच्या, माथ्यावर न्यावी, कारण तोफांचा नेम तिथल्या डायरेक्टर या नेम साधण्याच्या यंत्रणेतून ठरत असे. ब्रिटिश नौकेच्या विमानविरोधी डायरेक्टरवर माशाच्या काट्यासारख्या अँटेना असतील, तर ते २८५ प्रकारचे रडार आहे आणि छायाचित्र १९३९ चे खासच नव्हे.

काही गोष्टी छायाचित्र दाखवूच शकत नाही. 'अकिलीस'वर बॉम्ब पडला त्याच हल्ल्यात 'हेलेना' या अमेरिकी क्रूझरने नव्या प्रॉक्सिमिटी फ्यूजचे (फ्यूज म्हणजे गोळा फोडणारी कळ) गोळे वापरून विमान पाडले. युद्धातील त्या फ्यूजचे ते पहिले यश होते. जुन्या फ्यूजला फुटण्याची वेळ आधी लावून द्यावी लागे, तर नवा फ्यूज रेडिओलहरींनी विमान जवळ आल्याचे ओळखून स्वतःच गोळा फोडी. बाहेरून तोफ तीच, नळी तीच. माऱ्याचा परिणाम मात्र कितीतरी वाढला. अशी माहिती लढाईच्या अहवालांतूनच घ्यावी लागते.

छायाचित्राखाली ओळ लिहिताना डोळ्यांना दिसलेले आणि तर्काने काढलेले वेगवेगळे लिहावे : 'तीन टरेट दिसतात' हे निरीक्षण आणि 'म्हणून जानेवारी १९४३ नंतरचे' हा निष्कर्ष. नळ्या मोजता येत नसतील तर तसे नमूद करावे आणि आकडा यादीतून उचलू नये. पडताळ्यासाठी प्रत्यक्ष वस्तू पाहता आली तर उत्तमच. न्यूझीलंडला भेट दिलेला 'अकिलीस'चा 'वाय' टरेट ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी उभा आहे, आणि लंडनमध्ये थेम्स नदीतील 'बेलफास्ट' या क्रूझरवर ६ इंची, ४ इंची आणि बोफोर्स अशा तिन्ही तोफा एकाच डेकवरून फिरत पाहता येतात. तिच्या तीन नळ्यांच्या टरेटमध्ये मधली नळी सुमारे ७६ सेंटीमीटर मागे सरकवलेली आहे. शेजारून सुटणाऱ्या गोळ्यांनी एकमेकांची दिशा बिघडवू नये यासाठी ही योजना होती, आणि छायाचित्रातही हीच खूण शोधावी.