रस्ता खोदताना पांढरीवर लक्ष कसं ठेवायचं

जुन्या नाशकात रस्ता खोदायला निघाला की जमिनीखालच्या जुन्या वस्तीच्या खुणा हुकू नयेत म्हणून मी जेसीबीशेजारी उभी असते. काम सोपं दिसतं, उभं राहून बघायचं. पण काय बघायचं ते आधी समजून घ्या.

वस्तू शोधत बसू नका, माती बघा. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, खापरं पिढ्यान्‌पिढ्या साचली की माती करडी आणि भुसभुशीत होते. चरात पांढरी दिसली की हात वर करायचा. नुसता मुरूम किंवा कातळ लागला तर खोदू द्या. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय म्हणतात ना, त्यामुळे प्रत्येक चढाखाली जुनी वस्ती असतेच असं नाही.

कामाआधी दोन गोष्टी करा. गंगेकाठच्या (आमची गंगा म्हणजे गोदावरी) मातीच्या गढीवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, त्याचा अहवाल चाळा. आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारा: नळाची लाइन कधी टाकली, कुठून गेली? जुन्या लाइनीच्या चरातली माती आधीच उलथीपालथी झालेली असते, तिथे दिवस घालवू नका. संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. परवानगीचा कागद आधी बघून घ्या.

ऑपरेटरशी पहिल्याच सकाळी बोला. दातांची बकेट काढून सपाट धारेची लावायला सांगा आणि एका वेळी वीतभरच उचलायला लावा. दातांनी माती फाटते, थर वाचताच येत नाहीत. "ताई, असं केलं तर संध्याकाळ होईल," असं ऐकावं लागतं. होऊ द्या. एकदा मी दूध बाजारात चहाला गेले. दहा मिनिटांत परतले तर टिपरमध्ये हातभर लांबीच्या विटा पडलेल्या! एवढ्या मोठ्या विटा सातवाहनांच्या काळात वापरायचे; पेशवाईतली वीट त्यापुढे पातळ आणि लहान असते. भिंत कुठल्या दिशेला जात होती, हे मात्र कायमचं गेलं. तेव्हापासून चहा चरापाशीच मागवते.

पांढरी लागली की थापीने चराची कड तासून घ्या, म्हणजे थरांच्या रेषा उठून दिसतात. पट्टी ठेवून फोटो काढा. खापर आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं असेल तर वेगळ्या पिशवीत, थराच्या नंबरासह ठेवा. भांडं उपडं ठेवून भाजलं की असा रंग येतो, आणि अशी भांडी बरीच जुनी असतात. खोली रस्त्यापासून मोजू नका. डांबरावर डांबर चढून वाड्यांची जोती निम्मी बुडालीत, पुढच्या वर्षी रस्ता आणखी वर गेलेला असेल. एखाद्या दगडी जोत्याचा कोपरा धरा आणि दोन पक्क्या ठिकाणांहून टेप लावा.

नाणी निघाली तर गर्दी जमायच्या आत ताडपत्री टाका. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. तो ठसा शाबूत राहिला म्हणून कोणी कोणाला हरवलं ते कळलं. तेव्हा घासूनपुसून चकाकवू नका. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. माणसाची हाडं दिसली तर काम थांबवून आधी पोलिसांना फोन.

चर बुजवताना पांढरीवर वाळूचा थर पसरायला सांगा आणि त्यात चालू सालचं एक रुपयाचं नाणं टाका. पुढे कोणी खोदलं तर आपण कुठपर्यंत गेलो होतो, ते त्याला तिथेच कळेल.