उजनीकाठी जून: बांधणीचा युरिया उघडा ठेवू नका, ओढ्याचं पाणी मोजा

सुरू उसाची (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या) मोठी बांधणी, म्हणजे बुडाशी माती चढवणं, आणि मृगाचा पाऊस एकाच पंधरवड्यात येतात. उजनीच्या फुगवट्याकाठी दरवर्षी तीच चूक होते: सकाळी सरीत युरिया टाकायचा, पॉवर टिलर मिळाला नाही म्हणून बांधणी उद्यावर ढकलायची, आणि रात्री वळीव कोसळतो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यातलं ४० टक्के मोठ्या बांधणीला, म्हणजे एकरी ४० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. युरिया मिठासारखा विरघळतो आणि पहिले दोन-तीन दिवस मातीला धरून राहत नाही. सरीतून ओढ्यात, ओढ्यातून धरणात. ऊस पिवळा पडला की दुकानदार आणखी एक गोणी देतो, सोबत लिंकिंगची, म्हणजे युरियाबरोबर सक्तीने विकलेल्या दुसऱ्या औषधाची, बाटली गळ्यात मारतो.

टिलर बांधावर उभा राहिल्याशिवाय गोणी फोडू नका. खत पडल्यावर त्याच दिवशी ५ ते ७ सेंमी मातीआड गेलं पाहिजे. मेघदूत या हवामान ॲपवर ४८ तासांत जोरदार पाऊस दिसला तर थांबा. ॲप काहीही म्हणो, दुपारी घुसमटून उकडत असेल आणि पूर्वेला ढग चढत असतील तर त्या दिवशी खताला हात लावू नये, असा आमचा अंदाज. बांधणीला आठवडा उशीर झाला तरी चालेल. दोन गोण्या वाहून गेल्या तर त्या परत येत नाहीत.

बाकीची कामं:
- स्फुरद, पालाशाचा उरलेला निम्मा हप्ता याच वेळी, मातीआड.
- खोडव्याचं पाचट जाळू नका. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो जिवाणू खत.
- ओढ्याकडेच्या बांधावर वाळा किंवा मारवेल गवत.
- ठिबकचे फिल्टर रोज धुवा.

गाळपेर करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत टाकलेलं खत आणि शेणाचे ढीग जुलै-ऑगस्टमध्ये धरण भरताना थेट पाण्याखाली जातात. जूनपासून तिथे खत बंद, आणि ढीग आत्ताच वर हलवा. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जातं आणि गाळात साठतं. एक किलो स्फुरदावर सुमारे १०० किलो कोरडं शेवाळ पोसलं जातं, एवढं ते महाग पडतं.

धरणातली "घाण पुण्याची" असं काठावर म्हणतात, ते खरंच आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीचं सांडपाणी भीमेतून इथेच येतं. पण तुमच्या शिवारातला ओढा पुण्यातून येत नाही. कोणाचं किती, हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि मोजायला फार खर्च नाही. गावातल्या चार-पाच जणांनी तीन जागा ठरवाव्यात: ओढा शेतांच्या वर, शेतांच्या खाली, आणि जॅकवेलजवळ (धरणातून पाणी उचलायच्या विहिरीजवळ). दर पंधरवड्याला एकदा, आणि पावसाळ्यात ओढा पहिल्यांदा वाहील तेव्हा नक्की. सगळ्यात जास्त खत त्या पहिल्या पाण्यातच असतं. दुसऱ्या दिवशीचा नमुना घेऊन उपयोग नाही.

एक लिटरची बाटली साबणाने धुवू नका, त्यातलं फॉस्फेट नमुन्यात उतरतं. त्याच पाण्याने तीनदा विसळा. धरणात ३० सेंमी खोल बुडवून भरा, वरचा तवंग घेऊ नका. ओढ्यात बाटलीचं तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि तळ ढवळू देऊ नका. जागा, तारीख, वेळ लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. नायट्रेट रंग बदलणाऱ्या चाचणी-पट्टीवर जागेवरच पाहता येतं, फॉस्फेटला मात्र प्रयोगशाळाच हवी. धरणात लिटरला ०.०३५ मिलिग्रॅम एकूण स्फुरदसुद्धा जास्त असतं आणि साध्या पट्टीवर ते दिसतच नाही.

धरणाच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंमी व्यासाची ताटली घ्या, काळे-पांढरे चार भाग रंगवा, खाली वजन, वर खुणांची दोरी. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान होडीच्या सावलीकडून सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, यांची सरासरी लिहा. पावसानंतर आकडा घसरला तर कारण गाळ की शेवाळ? ते पाणी काचेच्या बाटलीत भरून सावलीत रात्रभर न हलवता ठेवा. गाळ तळाला बसतो. निळं-हिरवं शेवाळ वर येऊन काचेला हिरवं कडं धरतं.

पट्टी वाचताना नायट्रेट आणि नायट्रेट-नत्र यांत घोटाळा होतो. वेष्टन पाहा, दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिला आकडा येतो. जॅकवेलच्या पाण्यात नायट्रेट लिटरला २५ मिलिग्रॅम असेल आणि वर्षभरात एकरी १०० सेंमी पाणी दिलं, तर सुमारे २३ किलो नत्र पाण्यातूनच मिळतं. म्हणजे युरियाची एक गोणी. वर्षभरात तीन-चार वेळा मोजून सरासरी तशीच आली, तर तेवढी गोणी हप्त्यातून कमी करून पाहा, आधी एका सरीपट्ट्यावर.

हिरव्या पाण्यात मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकू नका. शेवाळ फुटून विष पाण्यात सुटतं आणि तांबं गाळात राहतं. "पाणी शुद्ध करणारी" औषधं तर घेऊच नका. तवंगाच्या काठी जनावरं पाण्यावर सोडू नका. ते पाणी उकळूनही विष जात नाही. पिण्यासाठी बोअरचं किंवा टाकीचंच वापरा.