म्युच्युअल फंडाची युनिट विकताना खरेदी किंमत कशी धरायची

जुलैत आयकर रिटर्नसाठी पुण्यातल्या सीएकडे गर्दी होण्याआधीच कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, दोन्हीकडची कॅपिटल गेन स्टेटमेंट (विक्रीतल्या नफ्याचा हिशेब) काढून ठेवा. खरेदी किंमत सरासरीने धरू नका. आधी घेतलेली युनिट आधी विकली असंच मोजतात. समजा, ४० रुपयांनी १०० आणि नंतर ३२ रुपयांनी १२५ युनिट घेतली, त्यातली १५० विकली. किंमत ४,००० + १,६०० = ५,६०० रुपये. सरासरीने ५,३३३ येते, म्हणजे नफा उगाच २६७ रुपयांनी फुगतो. इक्विटी फंडातली युनिट १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीची असतील, तर ३१ जानेवारी २०१८ ची एनएव्ही (एका युनिटचा भाव) आणि विक्रीची किंमत यांतली कमी घ्या. ती आणि मूळ किंमत यांतली जास्त ती धरा. आणि स्विच, म्हणजे एका योजनेतून दुसरीत पैसे वळवणं, हीसुद्धा विक्रीच, हे हमखास विसरलं जातं.