कान दुखत नाही, पण वाहतोय? मुलांच्या कानाच्या टीबीत या चुका टाळा

मूल रडत नाही, ताप नाही, मग कान महिनोन्‌महिने वाहिला तरी कुणी मनावर घेत नाही. पहिली चूक हीच. साध्या संसर्गात कान ठणकतो. टीबीत बहुधा ठणकत नाही, पण ऐकू येणं मात्र लवकर आणि बरंच कमी होतं. कानापुढे किंवा मानेत गाठ, कानामागे सूज, हीसुद्धा खूण. तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक डोळा पूर्ण मिटेना, तर त्याच दिवशी सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात न्या.

कोमट लसूणतेल घालू नका, फुटलेल्या पडद्यातून ते आत जातं. दोन-तीन आठवड्यांच्या उपचारानंतरही कान वाहत असेल तर औषधं बदलत बसू नका, तपासणी करा. पोटातून दिलेलं लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक टीबीचे जंतूही काही काळ दाबतं. बरं वाटतं आणि निदान लांबतं.

सगळ्यात महागात पडते ती नमुन्यातली चूक. नुसत्या पुवाच्या फायात टीबीचे जंतू क्वचितच सापडतात. मधल्या कानातल्या फिकट मांसल वाढीचा तुकडा लागतो, तोही दोन बाटल्यांत: एक फॉर्मॅलिनची, बायॉप्सीसाठी, दुसरी साध्या सलाइनची, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. म्हणून ‘सलाइनची बाटली पाठवली का?’ हे पालकांनी जरूर विचारावं. सीबीनॅट निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे स्वच्छ किंवा दंडावर बीसीजी या टीबीच्या लशीचा व्रण, यातल्या कशानेही टीबी नाही असं ठरत नाही.

औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि डोस वजनावर ठरतो. १२ ते १५ किलोच्या मुलाला पहिले दोन महिने रोज तीन विरघळणाऱ्या गोळ्या (प्रत्येकीत आयसोनियाझिड ५०, रिफाम्पिसिन ७५, पायराझिनामाइड १५० मिलिग्रॅम) आणि १०० मिलिग्रॅमच्या तीन इथॅम्ब्युटॉल. पुढचे किमान चार महिने पायराझिनामाइड वगळून. गोळ्या पाण्यात विरघळवून एकाच वेळी, शक्यतो रिकाम्या पोटी द्या. लघवी केशरी होते, घाबरून औषध थांबवू नका. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. वजन दर महिन्याला करा, वाढलं तर गोळ्याही वाढतात. कान कोरडा झाला म्हणून कोर्स अर्धवट सोडला तर आजार उलटतो, औषधांना दादही देईनासा होतो.

मुलाला टीबी अनेकदा घरातूनच लागतो, तरी घरातल्या मोठ्यांची तपासणी राहूनच जाते. विडी वळणाऱ्या आजीचा किंवा यंत्रमागावरच्या वडिलांचा दोन आठवड्यांहून जुना खोकला धुळीवर ढकलू नका, थुंकी तपासा.