हायब्रिड गाडीत इंजिन ब्लॉक हीटर कसा वापरावा

पारा शून्याखाली गेला की हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या, गाडीचं ॲव्हरेज पडतं आणि सगळे बॅटरीच्या नावाने खडे फोडतात. बॅटरीचा वाटा असतोच, पण जवळच्या फेऱ्यांत जास्त पेट्रोल खातं ते गार इंजिन. हायब्रिडची बचत मुळात इंजिन बंद राहण्यातून होते: सिग्नलला, उतारावर, मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रहदारीत. पण कूलंट (इंजिनात फिरणारं, त्याचं तापमान सांभाळणारं द्रव) तापल्याशिवाय गाडी इंजिनाला विश्रांती देत नाही. टोयोटाच्या २००४ ते २००९ च्या प्रियस या हायब्रिडमध्ये इंजिन बंद ठेवण्याची पहिली सवलत मिळते साधारण ४० अंश सेल्सिअसला, आणि पूर्ण मोकळीक ७० च्या आसपास. त्यात केबिनचा हीटर चालू असेल तर त्यालाही ऊब याच कूलंटमधून लागते, म्हणून उभ्या गाडीतही इंजिन घुरघुरत राहतं. पाच किलोमीटरवर जायचं असेल तर इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेले असता.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनाच्या मुख्य धातूच्या ठोकळ्याला, म्हणजे ब्लॉकला, बसवलेला विजेचा हीटर. तो हे तापवण्याचं काम निघण्याआधीच घरच्या विजेवर उरकून ठेवतो. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ मध्ये ज्या हीटरचं पेटंट घेतलं, तो कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू तरी व्हावी यासाठी होता. हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायला दणकट मोटर असते, त्यामुळे सुरू होण्याची अडचण सहसा येत नाही. इथे हीटर लावायचा तो इंजिन लवकर बंद व्हावं म्हणून.

१. योग्य हीटर निवडा आणि बसवून घ्या

हीटर गाडीच्या मॉडेलप्रमाणे घ्यावा लागतो. काही हीटर कूलंटमध्ये बुडून राहतात, तर काही ब्लॉकमधल्या ठरलेल्या खाचेत कोरडेच बसतात. प्रियसचा हीटर असा कोरडा, साधारण ४०० वॉटचा असतो. त्याला उष्णता नीट पोचवणारी पेस्ट लावूनच बसवायचं, नाहीतर हीटर स्वतः तापतो आणि इंजिन गारच राहतं. बुडणारा प्रकार असेल तर कूलंट पूर्ण भरून हवा काढल्याशिवाय प्लग लावू नका. कोरडा पडला की जळतो.

व्होल्टेज बघाच. १२० व्होल्टचा हीटर २३० व्होल्टवर लावला तर तो जवळजवळ पावणेचारपट वीज ओढतो, आणि मग त्याचं जे व्हायचं ते होतं. दुसऱ्या देशातून मागवलेल्या सुट्या भागांत ही गफलत सहज होते.

हे काम मेकॅनिककडून करून घ्यावं, असं माझं मत. हायब्रिडच्या बोनेटखाली नारिंगी वायर दिसतात त्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावायचा नाही. स्वतः करणार असाल तर गाडी पूर्ण बंद करा आणि चावी लांब ठेवा. ‘रेडी’ स्थितीत गाडी गप्प असली तरी इंजिन कधीही आपोआप सुरू होऊ शकतं.

२. वायर आणि सॉकेट

हीटरची वायर ग्रिलपर्यंत आणा आणि केबल टायने बांधा. पंखा, पट्टे, एक्झॉस्ट यांपासून ती लांब हवी. एक्स्टेन्शन बाहेरच्या वापराचं, जाड तारेचं, अर्थिंग असलेलं तीन पिनांचं घ्या. घरातलं पातळ एक्स्टेन्शन थंडीत ताठ होतं, त्याचं आवरण तडकतं. सॉकेटला विजेची गळती झाली की वीज तोडणारं संरक्षण असावं. पहिल्यांदा वापरताना अर्ध्या तासाने प्लग हाताने चाचपून बघा. गरम लागला तर जोड सैल आहे.

३. टायमर लावा

रात्रभर हीटर चालू ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला ब्लॉक भराभर तापतो, मग जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर निसटू लागते, आणि तिथून पुढे मीटर नुसता पळतो. निघण्याआधी दोन तास पुरतात. फार कडक थंडीत तीन. ४०० वॉटचा हीटर दोन तासांत ०.८ युनिट घेतो. टायमर मात्र तेवढा भार पेलणारा, बाहेर चालणारा हवा.

फक्त गोठवणाऱ्या थंडीतच हीटर लावावा असंही नाही. शून्याच्या थोडं वर पारा असला तरी जवळच्या फेरीला फायदा होतो. सलग तासभर हायवेवर जायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला? तिथे इंजिन आपोआप तापतंच आणि बराच वेळ चालूही राहतं.

४. निघताना

आधी प्लग काढा. हे विसरून गाडी काढणारे कमी नाहीत, म्हणून वायर दाराच्या हँडलवरून नेण्याची युक्ती चांगली. गाडी सुरू केल्यावर इंजिन थोडा वेळ चालेलच, कारण एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) तापवायचा असतो. हीटर बिघडला असं समजू नका. केबिनचं तापमान पहिली काही मिनिटं बेताचं ठेवा, सीट हीटर असेल तर तो वापरा. नाहीतर मिळवलेली ऊब काचांवर आणि पायांवर खर्च होते. ब्लॉक हीटरने हायब्रिड बॅटरी तापत नाही, की १२ व्होल्टची बॅटरी चार्जही होत नाही.

हीटर चालतोय की नाही?

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर सुरू करताक्षणी कूलंटचं तापमान वाचा. बाहेरच्या हवेपेक्षा ते बरंच वर दिसायला हवं. स्कॅनर नसेल तर प्लग भिंतीतून काढून त्याच्या दोन मुख्य पिनांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. ४०० वॉटचा हीटर १२० व्होल्टचा असेल तर सुमारे ३६ ओहम, २३० व्होल्टचा असेल तर सुमारे १३२ ओहम यायला हवेत. काहीच वाचन आलं नाही तर आतली तार तुटलेली आहे. अर्थिंगची पिन आणि मुख्य पिन यांच्यात काही वाचन आलं, तर तो हीटर पुन्हा लावू नका.

ग्रिलचा काही भाग झाकला तर ऊब जास्त टिकते. पण पूर्ण झाकू नका, बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या गाडीतल्या इन्व्हर्टरलाही थंड हवा लागते. आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच ते झाकण काढून टाका.