वर्गाबाहेरचं इंग्रजी: चूक आपली आपल्याला दिसेल असा अभ्यास

गोव्यात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं मूल पाचवीत गेलं की बहुतेक ठिकाणी सगळे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. त्यामुळे इथल्या मराठी माणसाचं इंग्रजी एका ठरावीक तऱ्हेचं होतं. वाचलेलं कळतं, परीक्षेत उत्तर लिहिता येतं, विज्ञानाच्या व्याख्या पाठ असतात. पण हॉटेलच्या काउंटरवर समोरच्याने भराभर दोन वाक्यं टाकली की कान बंद पडतो, आणि उत्तर द्यायची वेळ आली की वाक्य आधी मराठीत जुळतं, मग इंग्रजीत उतरतं, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. म्हणून पुढे म्हापशाला, फोंड्याला, डिचोलीला संध्याकाळचा क्लास लावला जातो.

क्लासचा हिशेब एकदा मांडून बघा. आठवड्याला तीन तास म्हणजे 180 मिनिटं. वर्गात वीस जण असले आणि शिक्षक अजिबात बोलले नाहीत असं धरलं, तरी एकेकाच्या वाट्याला नऊ मिनिटं येतात. बाकीचं काम घरी, बसमध्ये, दुकान बंद केल्यावरच व्हायचं आहे. तिथे खरी अडचण वेळेची नसते. अडचण ही की चुकलं तर सांगणार कोण? एकट्याने रोज अर्धा तास चुकीचं इंग्रजी बोलत राहिलं तर सराव चुकीचाच पक्का होतो. म्हणून ज्या अभ्यासात बरोबर उत्तर आधीच हाताशी असतं आणि आपलं काम झाल्यावर ते ताडून बघता येतं, तोच अभ्यास निवडा.

असा पहिला अभ्यास श्रुतलेखनाचा. शाळेत बाई शुद्धलेखन घालायच्या तेच, फक्त घालणारा ध्वनिमुद्रित. साहित्य असं हवं की ज्याचा लिखित मजकूर सोबत मिळतो. बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ फुकट आहे आणि त्याचा मजकूर त्याच पानावर असतो. ब्रिटिश कौन्सिलच्या ‘लर्नइंग्लिश’वर ए-वन, ए-टू, बी-वन अशा सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पातळ्यांनुसार ऐकायचे तुकडे आहेत. यूट्यूबवरचं घेतलं तर खालची अक्षरं माणसाने लिहिलेली आहेत ना, हे तपासा. यंत्राने आपोआप उठवलेल्या मजकुरात चुका असतात आणि पडताळाच चुकीचा ठरतो.

एका वेळी साठ सेकंदांचाच तुकडा घ्या, सहा मिनिटांचा नको. आधी मजकूर न बघता दोनदा सलग ऐका. मग तीन-चार सेकंदांनी थांबवत वहीत उतरवा. एक जागा जास्तीत जास्त पाच वेळा ऐकायची. तरी कळलं नाही तर रिकामी रेघ मारून पुढे जायचं. शेवटी मजकूर उघडा आणि लाल पेनाने दुरुस्त करा. साठ सेकंदांत साधारण दीडशे शब्द असतात आणि सुरुवातीला याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता लाल खुणांकडे नीट बघा, कारण कस तिथेच आहे. समजा मूळ वाक्य होतं, ‘ही वुड हॅव कम इफ यू हॅड आस्क्ड हिम’. तुम्ही लिहिलंत, ‘ही विल कम इफ यू आस्क हिम’. अर्थ उलटा झाला. तो गृहस्थ आलाच नव्हता आणि तुमच्या वहीत तो येणार आहे. व्याकरण विचारलं असतं तर तुम्ही बरोबर सांगितलं असतं. चुकला तो कान. बोलणारा ते वाक्य ‘हीड-अव-कम इफ यूड आस्क्टिम’ असं म्हणतो. ‘वुड’चा उरतो फक्त ‘ड’, ‘हॅव’चा ‘अव’, आणि ‘हिम’मधला ‘ह’ गळतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत ‘कम’, ‘आस्क’ अशा अर्थवाही शब्दांवर जोर पडतो आणि मधले सहायक शब्द चिरडले जातात. काळ मात्र त्या चिरडलेल्या शब्दांतच असतो. अशा जागा वहीच्या मागच्या पानावर वेगळ्या लिहून ठेवा. महिन्याभरात लक्षात येतं की त्याच आठ-दहा जागा पुन्हा पुन्हा निसटताहेत. नवं काही शिकण्याआधी त्या जागा पक्क्या करायच्या.

दुसरा अभ्यास उलट भाषांतराचा. ही युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये लॅटिन शिकवायला ती वापरत. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणायचा, मूळ झाकून ठेवायचं, दोन दिवसांनी आपल्याच मराठीवरून तो पुन्हा इंग्रजीत करायचा आणि मुळाशी ताडायचा. दोन दिवसांचं अंतर महत्त्वाचं आहे. त्याच दिवशी केलं तर पाठांतर होतं, आठवड्याने केलं तर विषयच विसरायला होतो.

गोव्यात यासाठी कच्चा माल रोज दारात पडतो. इथली एकच बातमी सकाळी नवप्रभेत किंवा गोमंतकात मराठीत आणि नवहिंद टाइम्स किंवा हेराल्डमध्ये इंग्रजीत वाचायला मिळते. पूल, पाऊस, खाण, जत्रा, कदंब बसचा संप, विषय ओळखीचा असल्याने डोक्याला फक्त भाषेचं काम उरतं. (हेराल्ड 1900 साली पोर्तुगीजमध्ये सुरू झालं आणि 1983 पासून इंग्रजीत निघतं. अख्ख्या वर्तमानपत्राने भाषा बदलली, आपल्याला तर एक परिच्छेद बदलायचा आहे.) स्थानिक पानावरची चार-पाच वाक्यांची साधी बातमी घ्या. अग्रलेख नको, आणि मथळेही नकोत. इंग्रजी मथळ्यांत ‘अ’, ‘द’ गाळतात आणि घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात लिहितात, त्यामुळे त्यांवरून वाक्यरचना शिकता येत नाही.

एक वाक्य करून बघू. मूळ असं धरा, ‘द फेरी हॅज बीन आउट ऑफ सर्व्हिस सिन्स मंडे’. मराठीत झालं, ‘सोमवारपासून फेरीबोट बंद आहे’. दोन दिवसांनी बहुतेक जण लिहितात, ‘फेरी इज क्लोज्ड फ्रॉम मंडे’. एवढ्याशा वाक्यात चार जागा हलल्या. ‘द’ गेला, कारण मराठीत तसा शब्दच नाही. ‘हॅज बीन’चं ‘इज’ झालं, कारण मराठीला ‘आहे’ पुरतं. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या स्थितीला वेगळं रूप लागतं. ‘पासून’चा सरळ ‘फ्रॉम’ झाला. आणि ‘बंद’साठी ‘क्लोज्ड’ आला, कारण आपलं दुकान, दिवा, रस्ता, बोट सगळं ‘बंद’च असतं. म्हणूनच ‘क्लोज द लाइट’ तोंडात येतं. ‘द’ची चूक ऐकणारा पोटात घालतो. ‘इज’ची चूक झाली तर बोट नेमकी कधीपासून बंद आहे, यात घोटाळा होतो. त्यामुळे सगळ्या चुकांवर सारखाच वेळ घालवू नका. आधी अर्थ बिघडवणाऱ्या धरा.

आपल्या चुका मराठीच्या वळणाच्या असतात, म्हणून त्या ओळखताही येतात. ‘दोन वर्षांपासून’ म्हणून ‘सिन्स टू इयर्स’, तिथे हवं ‘फॉर टू इयर्स’. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ म्हणून ‘अनटिल ही डझन्ट कम’, तिथे नकार नकोच. ‘जरी-तरी’ची जोडी म्हणून ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुन्हा ‘बट’ येतो. ‘मला समजावून सांगा’ म्हणून ‘एक्सप्लेन मी’, तिथे मध्ये ‘टू’ हवा. घरी कोंकणी बोलणाऱ्यांचीही घसरण बहुतेक याच जागी होते. या पाच-सहा वळणांची एक चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि इंग्रजीत काहीही लिहिलं, अगदी दोन ओळींचा ईमेलसुद्धा, की पाठवण्याआधी तिच्यावरून नजर फिरवा.

उच्चारासाठी श्रुतलेखनाचाच तुकडा पुन्हा वापरा, नवा शोधू नका. मजकुरावर जोराच्या अक्षरांखाली रेघा मारा, बोलणाऱ्याच्या मागोमाग वाक्यागणिक म्हणा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्याबरोबर म्हणा, मग फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज कानाला बोचतो. चार दिवसांत सवय होते. ऐकताना शोधायचं एकच, जोर कुठे पडला. मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच जात नाही. ‘होटेल’चा जोर ‘टेल’वर आहे, ‘पोलीस’चा ‘लीस’वर, ‘डिव्हेलप’चा ‘व्हे’वर. ‘कम्फर्टेबल’ म्हणताना ‘कम्फ्टबल’ एवढंच ऐकू येतं. पर्यटनाच्या धंद्यात हे शब्द दिवसातून पन्नासदा लागतात, तेव्हा सुरुवात यांच्यापासूनच करावी.

दुसरी जागा ‘व’ची. बनियनही ‘वेस्ट’ आणि पश्चिमही ‘वेस्ट’, कारण आपला एकटा ‘व’ दोघांचं काम करतो. बनियनच्या वेळी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. पश्चिमेच्या वेळी ओठ शिटी मारल्यासारखे गोल करायचे आणि दात लावायचे नाहीत. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात. पडताळ्याला फोनचं बोलून टाइप करण्याचं साधन इंग्रजीवर लावून सुटा शब्द म्हणा आणि काय उमटतं ते पाहा. पूर्ण वाक्य म्हणू नका, कारण मागच्यापुढच्या शब्दांवरून फोन अंदाज बांधतो आणि तुमचा चुकलेला उच्चारही सांभाळून घेतो.

वाचनाबद्दल एवढंच सांगायचं की पुस्तक सोपं घ्या. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तेव्हाच मजकूर आधाराशिवाय नीट कळतो. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर अनोळखी शब्द पाच. पुस्तक मध्येच कुठेही उघडा, एक पान वाचा, अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटा. मूठ वळली आणि वर आणखी शब्द अडला तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. पणजीला पाटोवर, बसस्टँडजवळ, कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था 1832 सालची. तिथल्या बालविभागातली इंग्रजी पुस्तकं मोठ्यांनी बघायला लाजू नये. त्यांतली वाक्यं छोटी आणि पूर्ण असतात. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या मात्र आत्ता नकोत. त्यांचं इंग्रजी आज कोणी बोलत नाही.

शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी, शिकणाऱ्यांसाठी केलेला वापरा. केंब्रिजचा आणि ऑक्सफर्डचा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकू येतात. अर्थ पाहिल्यावर लगेच बंद करू नका. नामापुढे मोजता येणारं की न येणारं याची खूण असते, ती बघा. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘फर्निचर’ ही मोजता न येणारी नामं, त्यांना शेवटी ‘स’ लागत नाही. मराठीत आपण दोन सल्ले देतो, म्हणून इंग्रजीत ‘टू अ‍ॅडव्हाइसेस’ देऊन बसतो. इंग्रजी-मराठी कोशात बहुधा नुसता अर्थ असतो, म्हणून ही चूक तिथे सापडत नाही.

शब्द लक्षात ठेवायला कार्डं करा. कागदाची चालतील, फोनवर ‘अँकी’ हे कार्डांचं अ‍ॅप असेल तर उजळणी कधी करायची तेही ते सांगतं. कार्डावर सुटा शब्द नको, वाचनात भेटलेलं अख्खं वाक्य आणि त्या शब्दाच्या जागी रेघ. मागे शब्द. दिवसाला नवी पाच. पाच म्हणजे फार थोडी वाटतात आणि इथेच बहुतेक जण फसतात. पहिल्या उत्साहात रोज तीस घालतात, आणि प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेकदा परत येत असल्याने काही आठवड्यांत रोजची उजळणी दोनशेच्या पुढे जाते. मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी चारशे कार्डं समोर येतात आणि फोनवरून ‘अँकी’च काढून टाकलं जातं. पाचाच्या हिशेबाने दहा-पंधरा मिनिटांत उजळणी आटोपते.

बोलण्याच्या सरावात पडताळा सगळ्यात कच्चा. दोघा शिकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून धीर वाढतो, चुका सुधारत नाहीत. तरीही बोला, फक्त विषय आधी ठरवा आणि दहा मिनिटं मुद्रित करा. हल्ली चॅटबॉटकडून वाक्यं तपासून घेता येतात. त्याला लिहून द्या की वाक्य दुरुस्त करू नकोस, कुठे चुकलं तेवढंच दाखव. त्याने आयतं गुळगुळीत वाक्य दिलं की ते डोळ्यांना आवडतं आणि आपल्या हाताला काहीच लागत नाही. तोही अधूनमधून ठामपणे चुकीचं सांगतो, तेव्हा शंका आली की शब्दकोशात बघा. जे कुठेच सुटलं नाही ते वहीत लिहून आठवड्याला तीन प्रश्न क्लासमध्ये न्या. तुमच्या वाट्याची नऊ मिनिटं त्यासाठी वापरा.

रोज चाळीस मिनिटं धरा. वाळपई-पणजी बसमध्ये कार्डं आणि ऐकणं होतं, श्रुतलेखन आणि उलट भाषांतराला मात्र टेबल आणि वही लागते. ते एक दिवसाआड करा. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की घरात माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंत कामं असतात, तेव्हा वेळापत्रक मोडणारच. म्हणून चवथीच्या आदल्या आठवड्यातच नवी कार्डं शून्यावर आणा आणि सणाच्या दिवसांत सकाळी पाच मिनिटं जुनी तेवढी उलटा. विसर्जनानंतर पहिल्या दिवशी नवा तुकडा घेऊ नका. शेवटी उतरवलेला साठ सेकंदांचाच तुकडा पुन्हा कोऱ्या पानावर लिहून काढा आणि जुन्या लाल खुणांशी ताडा.