लसूणघास वाळवून साठवायचा आहे? बियाण्यापासून गंजीपर्यंत या चुका टाळा

वाळलेल्या घासाची एक पेंढी उचला आणि पोत्यावर दोनदा झटका. खाली हिरवा चुरा पडला आणि हातात काड्या उरल्या, तर घासातला ऐवज पोत्यावर गेला असे समजा. लसूणघास म्हणजे लुसर्न या चारापिकातली जवळपास दोन तृतीयांश प्रथिने पानात असतात. वाळवायच्या घासात पेरणीपासून साठवणीपर्यंत जे काही करायचे, ते हे पान टिकवण्यासाठी.

जमीन चुकली तर पुढचे सगळे चुकते

घासाचे मूळ खोल जाते आणि साचलेले पाणी त्याला दोन दिवसही सोसत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, येवला, सिन्नर, चांदवड, मालेगाव या पट्ट्यातली निचऱ्याची मध्यम ते भारी जमीन त्याला मानवते. इगतपुरी, पेठ, सुरगाणा भागात पाऊसच इतका की बहुवार्षिक घास पावसाळ्यात मुळाशी कुजतो. शिवाय जमिनीचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली असेल, तर मुळांवर हवेतले नत्र घेणाऱ्या जिवाणूंच्या गाठी नीट धरत नाहीत. तिथे वाळवण्याच्या घासाचा हट्ट धरू नये.

जुना घास मोडून त्याच तुकड्यात लगेच पुन्हा घास टाकणे ही तर हमखास फसणारी गोष्ट. जुन्या झाडांतून जमिनीत उतरलेली द्रव्ये घासाच्याच नव्या रोपांना वाढू देत नाहीत. म्हणूनच दोन-तीन वर्षांच्या घासातल्या तुटाळी (रोपे मेलेल्या मोकळ्या जागा) नवे बी टाकून भरत नाहीत, रोप उगवते आणि खुजे राहून मरते. मध्ये एक वर्ष मका किंवा बाजरी घ्या. उगवणीत तूट पडली असेल तर पहिल्या महिनाभरातच भरून काढा.

बी घेताना

‘घासाचे बी’ म्हणून सुटे बी आणण्यात दोन धोके आहेत. पहिला, ते हंगामी आहे की बहुवार्षिक, हे दिसण्यावरून कळत नाही. तीन वर्षे ठेवायचा घास असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण घ्या, आणि पिशवीवर प्रमाणपत्राचे लेबल पाहूनच घ्या.

दुसरा धोका अमरवेलीचा, म्हणजे घासाला विळखा घालून त्याच्यावरच जगणाऱ्या पिवळ्या वेलीचा, आणि तो फार मोठा आहे. मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरा. चांगले बी पिवळसर हिरवट, चकचकीत आणि वालाच्या दाण्यासारखे पोटात किंचित वाकलेले असते. तपकिरी पडलेले बी जुने. त्यात बारीक, गोलसर, खरखरीत, मातकट दाणे दिसले तर ती अमरवेल असू शकते. असे बी शेतात नेऊच नका, कारण अमरवेलीचे बी जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहते. उभ्या घासात पिवळे दोरे दिसलेच, तर त्या जागेच्या कडेने हातभर जास्त घेऊन घास जमिनीलगत कापा, तिथेच वाळवून जाळा. फुलावर येण्याची वाट पाहू नका. तो घास जनावरांनाही घालू नका, बी शेणखतातून परत शेतात येते.

पेरणी: बी दडपले जाते

एक ग्रॅममध्ये घासाचे साडेचारशे-पाचशे दाणे बसतात. एवढ्याशा दाण्यात एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त माती फोडून वर येण्याची ताकद नसते. ढेकळे राहिली की निम्मे बी खाली जाते आणि दोष बियाण्याला दिला जातो. रान भुसभुशीत आणि वाफे सपाट करा, काकऱ्या ३० सेंटिमीटरवर ओढा, एकरी १० किलो बी पुरते. गुंठ्याला पाव किलो, हे ध्यानात ठेवायला सोपे. काही जण दाट व्हावा म्हणून दुप्पट फेकतात. रोपे आपापसात झगडून मरतात आणि महिन्याभरात संख्या तेवढीच राहते.

वेळ ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर. नाशिककडे हीच वेळ द्राक्षाच्या छाटणीनंतरच्या कामांची आणि कांद्याच्या रोपांची असते, म्हणून घास डिसेंबरच्या अखेरीपर्यंत ढकलला जातो. निफाडची थंडी सर्वांना माहीत आहे. त्या गारठ्यात रोप जागचे हलत नाही आणि तण पुढे निघून जाते.

आंबवणी (पेरणीलगतचे पाणी) हलकी द्या, वाफ्यात धार जोरात सोडली की बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. काळ्या रानात वर पापडी धरते, म्हणून चार-पाच दिवसांत चिंबवणी (त्यानंतरचे हलके पाणी) द्यावीच. पुढे हिवाळ्यात १० ते १२ दिवसांनी आणि उन्हाळ्यात ६ ते ८ दिवसांनी पाणी.

एकरी ५-६ टन कुजलेले शेणखत, ४ पोती सिंगल सुपर फॉस्फेट (५० किलोचे पोते), २५ किलोच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश आणि १५ ते २० किलो युरिया पेरणीला द्या. नंतर दर कापणीला नुसता युरिया मारत राहणे चूक आहे. नत्र घास स्वतः हवेतून घेतो. एक टन वाळलेला घास शेतातून २० किलोहून अधिक पोटॅश उचलून नेतो. ते परत न घातल्यास तिसऱ्या वर्षी घास विरळ होतो.

रोप पिवळे का पडते

पिवळे दिसले की फवारणीचा पंप काढण्याआधी एक रोप खुरप्याने मातीसकट उचला आणि पाण्यात हलकेच धुवा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात.

गाठी नाहीत, किंवा आहेत पण फोडल्यावर आतून पांढऱ्या किंवा हिरवट निघतात: जिवाणू काम करत नाहीत. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे रायझोबियम घासाला चालत नाही, त्याचा जिवाणू वेगळा. दुकानातून ‘लुसर्नसाठी’ असे मागून घ्या. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गार गुळपाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. मेथीच्या मुळावर हाच जिवाणू गाठी करतो. त्यामुळे ज्या रानात वर्षानुवर्षे मेथी होते, तिथे घास बऱ्याचदा आपोआप हिरवा राहतो.

गाठी आतून गुलाबी आहेत, पण वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या: चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता.

मूळ तपकिरी, मऊ: पाणी जास्त झाले. वाफ्याला चर काढा, पाण्याची पाळी लांबवा.

शेंडे आखडलेत, पान चिकट लागते: मावा. थंडीत येतोच. कापणी जवळ आली असेल तर आठ दिवस आधी कापून घ्या, हाच सगळ्यात स्वस्त उपाय. द्राक्षबागेच्या बांधाला लागून घास असेल तर मात्र काळजी हवी. बागेतल्या फवारणीचे तुषार घासावर बसतात. बागेकडच्या दोन-तीन ओळी वेगळ्या कापा आणि चाऱ्यात मिसळू नका.

कापणीची घाई, कापणीचा उशीर

पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी. त्याआधी कापला तर मुळात साठा झालेला नसतो आणि फुटवा कमी येतो. पुढे २५ ते ३० दिवसांनी, कडाक्याच्या थंडीत ३५ वर. दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहा: दहा काड्यांत एखादीवर जांभळे फूल दिसले आणि बुडख्यातून नवे कोंब बोटाच्या पेराएवढे निघाले, की विळा घाला. पूर्ण फुलावर गेलेला घास वजनाला जास्त भरतो खरा, पण काडी लाकडासारखी होते, खालची पाने गळतात आणि गाय गव्हाणीत काड्या टाकून देते. कापताना चार बोटे बुडखा ठेवा. जमिनीलगत खरडले तर नवे कोंबही विळ्याखाली जातात.

वाळवायचा घास असेल तर कापणीआधी पाच-सहा दिवस पाणी बंद ठेवा. ओल्या जमिनीवर पसरलेला घास खालून काळा पडतो. पुढचे पाणी घास उचलल्यावर लगेच.

वाळवण: इथे पान जाते

चार-पाच किलो हिरव्या घासाचा एक किलो वाळलेला होतो. एकरी एका कापणीत साधारण चार टन हिरवा निघाला, तर ८०० ते ९०० किलो हाती यावा. ६०० च भरत असेल तर बाकीचे पान रानातच पडले आहे.

दव उडाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास कापा आणि वीतभरापेक्षा कमी जाडीत पसरा. थंडीत तीन-चार दिवस लागतात. एप्रिल-मे मध्ये हेच काम दीड-दोन दिवसांत होते आणि तिथेच घात होतो. काडी ओली असताना पान पापडासारखे कडक होते, भर दुपारी उलटवले की तुटून पडते. उलथापालथ सकाळी, पान दवाने नरम असताना करा. अर्धवट वाळला, की छोट्या सैल ढिगांत गोळा करून शेडनेटच्या सावलीत न्या. बेदाण्याचा रॅक रिकामा असेल तर त्याच्या जाळीवर पातळ थर देऊन वाळवलेला घास हिरवागार राहतो.

वाळला की नाही, हे वरून हात लावून कळत नाही. जाड काडी घेऊन नखाने खरवडा. साल सुटून आली तर अजून ओल आहे. आणखी खात्री हवी असेल तर काचेची कोरडी बरणी घ्या. घासाचे बारीक तुकडे आणि दोन चमचे कोरडे मीठ घालून झाकण लावा, दोन मिनिटे हलवा. मीठ काचेला किंवा घासाला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. गंजी घालू नका.

जून ते सप्टेंबर वाळवण्याच्या फंदात पडू नका. त्या चार महिन्यांचा घास हिरवाच खपवा, सुका चारा आधी देऊन आणि घास कोमेजवून, म्हणजे पोटफुगी टळते. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीचा अंदाज असेल तर कापणी दोन-चार दिवस पुढे ढकला. उभा घास पाऊस सोसतो, कापून पसरलेला सोसत नाही.

साठवण

नाशिककडे कांदाचाळ ही घासाला उत्तम जागा. खालून हवा, बाजूने हवा, वर पत्रा. फक्त वेळेचे गणित पाहा: डिसेंबर ते मार्च चाळ मोकळी असते, एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा आत येतो. तेव्हा घास कुठे हलवायचा, ते आधी ठरवा. कांद्याशेजारी घास रचू नका, दोन्हीची हवा अडते.

रचल्यावर पहिले दोन-तीन आठवडे गंजीवर लक्ष ठेवा. लोखंडी पहार मध्यापर्यंत खुपसा, वीस मिनिटांनी काढून हातात धरा. कोमट असेल तर चालेल. धरवत नसेल, तर गंजी त्याच दिवशी मोडून पसरा. ओल्या घासाची गंजी आतल्या आत तापून पेटू शकते, म्हणून मोडताना पाण्याचा पाइप जवळ ठेवा. बुरशीचा वास आलेल्या पेंढ्या वेगळ्या काढा. गाभण गाईला तर तो घास अजिबात घालू नका, गर्भपाताचा धोका असतो. तो सरळ खतात टाका.